गब्दुल

वादी कबीरच्या गल्लीत, टायरवाल्याच्या शेजारी
आमचं पाट्यांचं दुकान.
कटिंग मशीनवर सुधीश, संगणकावर मी,
आणि फॉन्टच्या यादीत, पार तळाशी,
पोट सुटलेला एक.
त्याचं कंपनीचं नाव कुणाच्या तोंडी बसेना.
मी त्याला गब्दुल म्हणतो.

एकही कोपरा नाही त्याला.
झाकून ठेवलेली कणीक फुगावी, तसा.
त्याचा बी म्हणजे दोनदा जेवलेला माणूस,
एस वळतो तोही कमरेवर हात ठेवून.

लोक म्हणतात, पोरकट आहे.
जूनमध्ये उभं राहा इथे, दुपारी दोनला,
वर ऊन, अंगावर समुद्राची चिकट वाफ.
धारदार अक्षरं आधी सोलली जातात,
टोकापासून, खपलीसारखी.
गब्दुलला टोकच नाही. उन्हानं धरायचं कुठून?
आणि दिवे! सडपातळ अक्षराच्या पोटात
दिव्यांची माळ मावत नाही.
आतून उजळायचं तर जाड असावं लागतं,
असं आमचा वायरमन म्हणतो, तो स्वतः काडी आहे.

लाँड्रीला दिला. फळांच्या रसाला दिला.
लहान मुलांच्या सलूनला, उंटिणीच्या दुधाच्या आइस्क्रीमला
(निळा, आणि वर पांढरी कड).
एका वकिलानं मागितला, नाही दिला.
म्हटलं, साहेब, तुमची पाटी वाचून
अशील दारातच हसेल.
अरबीत तर तो जन्मल्यासारखा शोभतो:
उजवीकडून येतो, एकमेकांचे हात न सोडता,
आणि नुक्ते असे, की चाटावेसे वाटावेत.

मग हुलवळेबाई आल्या.
रुवीत अकरा वर्षं डबे दिले, आता स्वतःचा गाळा.
"पोळीघर. तिन्ही लिप्यांत.
आणि मराठीही तसंच हवं हं, गुटगुटीत."
गब्दुलला मराठी येत नव्हतं.

तीन रात्री बसलो.
यूचा उजवा पाय लांबवून प केला.
शिरोरेषेची टोकं घासली, चमच्याच्या दांड्यासारखी.
घ रुसला, र घसरला, ते जाऊ दे.
ळ कुठून आणणार?
शेवटी आकडा आठ उचलला
आणि आडवा पाडला.
निमूट पडला बिचारा. वरून रेषेला टांगला,
तर डोळे मोठे करून बघायला लागला माझ्याकडे.

नगीनाबाबूंनी, आमचे गोरखपूरचे मुकादम,
नमुना वाचला: "पोलीघर."
म्हटलं, पोली नव्हे, पोली म्हणजे आतून रिकामी.
त्यांनी ॲक्रिलिकवर टिचकी मारली.
ठण्ण.
"खाली ही तो है."

मशीनकडे पाठ न फिरवता
सुधीश म्हणाला, "पोळी."
जीभ मागे दुमडून, टाळूला लावून, पुरती.
मी बघतच राहिलो.
"आमच्या राज्याच्या नावात शेवटी काय आहे?"
केरळ.
सहा वर्षं नगीनाबाबूंचं "केरल" ऐकत
तो ब्लेड बदलत होता.
मग तेलकट बोटानं काचेवर त्यानं त्याचा ळ काढला:
तोही गोल,
तोही फिरून स्वतःपाशी आलेला.

गुरुवारी पाटी लागली.
ळचा डावा डोळा पेटेना.
सुधीश शिडीवर चढला, एक बुक्की घातली,
पेटला.
गाळ्यासमोर गर्दी वगैरे नव्हती, एक मांजर होतं.
बाई मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या.
"ळ जरा जास्तच जेवलाय."
म्हटलं, पोळीचा आहे.

त्याच्या पोटातून कापून निघालेले
दोन गोल तुकडे फेकले नाहीत.
एकावर सुधीशचा चहा असतो,
एकावर माझा.
नगीनाबाबू कप हातातच धरून पितात.